दांडीशी संसार: गिटारचा व्हायब्रेटो टेलपीस निवडताना आणि नंतर नांदवताना

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेला माणूस दुकानात जाण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतो, दांडीवाली घेऊ की बिनदांडीची, म्हणजे दाबली की सगळ्या तारांचा सूर खाली उतरतो ती दांडी असलेली की नसलेली. आणि दांडीवाली घेतलेला माणूस सहा महिन्यांनी दुसरा प्रश्न विचारतो, दांडी हलवली की गिटार बेसूर होते, काढून टाकू का. दोन्ही प्रश्नांना मी इतक्या वेळा तोंडी उत्तर दिलंय की एकदाचं लिहूनच काढतो. पुढच्या वेळी नुसतं पाठवून द्यायचं.

आधीच सांगतो, माझ्या मते दांडी बिचारी उगाच बदनाम आहे. दहातल्या आठ वेळा चूक दुसरीकडे असते, म्हणजे तार ज्या ज्या जागी घासते, अडकते, रुतते तिथे, आणि शिव्या मात्र दांडीला. सासूने भांडी आपटली की सून वाईट, तसलं काहीतरी.

नावांचा घोळ

दुकानदार ट्रेमोलो म्हणेल, मित्र व्हॅमी बार म्हणेल, डब्यावर व्हायब्रेटो लिहिलेलं असेल. वस्तू एकच. खरं तर सूर वरखाली हलला की ते व्हायब्रेटो आणि आवाज कमीजास्त झाला की ते ट्रेमोलो, पण लिओ फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार (थोडक्यात स्ट्रॅट) आणली तेव्हा तिच्या ब्रिजला, म्हणजे बॉडीवर तारा ज्याच्यावरून जातात त्या भागाला, ट्रेमोलो म्हटलं, आणि वर पुढे त्याच कंपनीच्या अ‍ॅम्पवर आवाज कमीजास्त करणाऱ्या चॅनलला व्हायब्रेटो हे नाव दिलं. म्हणजे दोन्हीकडे उलटं. तेव्हापासून सगळं जग चुकीचंच म्हणतंय. मी खाली सरळ दांडी म्हणणार आहे, फार तर ट्रेम.

पायरी पहिली: हवी कशाला ते ठरवा

गिटारवर बोटाने तार ओढून सूर वर नेता येतो, खाली नेता येत नाही. आणि एकदम चार तारांची मींड बोटाने घेणं कोणाच्याही बसची बात नाही. दांडी या दोन कामांसाठी आहे. सूर खाली उतरवायचा, आणि अख्खी कॉर्ड एकदम हलवायची. आता हे तुम्हाला किती हवंय त्यावर सगळं ठरतं.

कॉर्ड वाजवून शेवटी तिला हलकासा झोका द्यायचाय, पाण्यावर तरंग उठतो तसा? मग बिग्सबी नावाची दांडी. तिच्यात सूर अर्धा उतरतो, फार तर एक. म्हणजे सा वरून शुद्ध नी, दाबून दाबून कोमल नी, त्याखाली जायची अपेक्षा ठेवू नका. सूर थोडा जास्त खाली, थोडा वरही न्यायचाय, एकेका सुराला दांडीने आंदोलन द्यायचंय, तर स्ट्रॅटचा ट्रेम. तार पार लुळी पडून घरघरेपर्यंत खाली न्यायची आणि लगेच परत सुरात आणायची असेल, मेटल वाजवणारे करतात ते, तर फ्लॉइड रोज. आणि सर्फ म्युझिक किंवा जरा विचित्र इंडी वगैरे वाजवत असाल तर जॅझमास्टरची लांब दांडी, ती १९५८ मध्ये आली, हात तिच्यावर ठेवूनच वाजवायचं असतं. तिची वेगळी दुखणी आहेत, मुख्य म्हणजे बारीक तारा घातल्या की जोरात वाजवताना सॅडलवरून, म्हणजे ब्रिजवरच्या तारेच्या बैठकीवरून, उडतात, तिला ११ चा (सगळ्यात बारीक तार ०.०११ इंच जाडीची असलेला) सेट घाला, एवढं सांगून मी तो विषय सोडतो कारण माझ्याकडे ती आता नाही.

आणि यातलं काहीच नको असेल, नुसतं दिसायला भारी म्हणून हवी असेल (लाजू नका, मीही बिग्सबी पहिल्यांदा दिसण्यावरच भाळून घेतली) तर घ्या बापडे, पण तिच्यासाठी रोज पाच मिनिटं जास्त द्यायची तयारी ठेवा.

नवशिक्याला माझा एकच कडक नकार आहे. कमी पैशातली, फ्लॉइड रोजच्या नकलेची गिटार घेऊ नका. ती यंत्रणा चाकूच्या धारेसारख्या दोन कडांवर झुलते, त्या कडा मऊ धातूच्या असल्या की वर्षभरात बोथट होतात आणि मग तुम्ही काहीही करा, ती जागेवर परत येतच नाही. शिवाय तार बदलायची म्हणजे अ‍ॅलन की शोधा, नटवरची, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीवरची, कुलपं उघडा, तारेचा गोळा कापा, ती सॅडलमध्ये चिमटवा, आणि एक तार सुरात आणली की बाकीच्या पाच हललेल्या. ज्याला अजून एफ कॉर्ड लागत नाहीये त्याने हे कशाला करायचं? तरबेज झाल्यावर घ्या, तेव्हा चांगल्यातली घ्या.

स्ट्रॅटचा ट्रेम नवीन माणसाला सगळ्यात बरा. बऱ्याच स्वस्त गिटारींवर तो आधीच असतो, आणि आवडला नाही तर मागचे स्क्रू पिळून बसवून टाकता येतो. एरिक क्लॅप्टन तेच करतो, पाचही स्प्रिंगा लावायच्या, लाकडाचा ठोकळा घालायचा, ब्रिज जाम. म्हणजे यात कमीपणा काही नाही.

बिग्सबीबद्दल जरा जास्त, कारण मी तिच्यासोबत राहतो

पॉल बिग्सबी हा कॅलिफोर्नियातला मोटरसायकलवेडा मेकॅनिक. मर्ल ट्रॅव्हिस नावाच्या गिटारवाल्याच्या गिटारला जुन्या पद्धतीची एक दांडी होती, ती सुरात राहीना म्हणून त्याने ती बिग्सबीकडे दुरुस्तीला नेली. बिग्सबीने दुरुस्त करण्याच्या नादात स्वतःचीच बनवली. म्हणजे बघा, जन्मच मुळी बेसूर होण्याच्या तक्रारीतून झालाय. पुढे १९६६ मध्ये गिब्सन सोडून आलेल्या टेड मॅकार्टीने ती कंपनी घेतली, मग १९९९ मध्ये ग्रेचकडे गेली, २०१९ पासून फेंडरकडे आहे. रचना मात्र मूळचीच राहिली. ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यात फिरणारा एक आडवा दांडा, त्या दांड्यावर सहा पिना, पिनांवर तारा अडकवलेल्या, आणि बाहेर आलेल्या दांडीखाली एक आखूड जाड स्प्रिंग. दांडी दाबली की स्प्रिंग दबते, दांडा पुढे फिरतो, तारा सैल होतात. बास. लहान पोराला दाखवलं तरी कळतं.

घेताना नंबर बघा, इथे लोक फसतात. बी-५ ही सपाट छातीच्या गिटारला, म्हणजे टेलिकास्टर, एसजी वगैरे. बी-७ ही लेस पॉलसारख्या फुगीर छातीच्या गिटारला. बी-३ आणि बी-६ पोकळ गिटारींना, बी-६ जास्त जाडीच्या गिटारीला. पुढे शून्य लागलं, बी-५०, बी-७०, की ती परवान्याखाली बनलेली स्वस्तातली आवृत्ती, आणि मी स्वतः बी-७० वापरतो, काम चोख आहे. बी-५ आणि बी-७ ला पुढे आणखी एक आडवी नळी असते, तिच्याखालून तारा जातात. त्यामुळे तारा ब्रिजवर जास्त तीव्र कोनात दाबल्या जातात, आवाज घट्ट येतो पण घर्षणही वाढतं. बी-३ ला ती नळी नाही, म्हणून ती जास्त मोकळी हलते. हे दुकानात कोणी सांगत नाही.

वजन पाव किलोच्या वर वाढतं, खांदा नाजूक असेल तर लक्षात ठेवा.

पायरी दुसरी: बसवणं (आणि माझी फजिती)

स्ट्रॅट तयार मिळते, तिथे बसवायचं काही नाही. बिग्सबी मात्र लोक नंतर लावतात, आणि एकदा भोक पडलं की पडलं. माझी पहिली बिग्सबी मी एका दुरुस्तीवाल्याकडे लावायला दिली. तो माणूस स्पीकर, मिक्सर, गिटार, सगळंच दुरुस्त करायचा, नाव घेत नाही. त्याने पट्टी ठेवून गिटारच्या बॉडीचा मध्य काढला आणि तिथे ड्रिल मारलं. घरी येऊन वाजवायला बसलो तर बारीक ई तार बाराव्या फ्रेटच्या पुढे फ्रेटबोर्डवरून खाली घसरतेय. कारण मान आणि बॉडी यांचा मध्य एकच असतो असं नाही ना, एखादा मिलिमीटर इकडेतिकडे असतोच, आणि तारा मानेच्या मध्याने जायला हव्यात, बॉडीच्या नाही. जुनी भोकं काड्या आणि फेविकॉलने बुजवून नवी पाडावी लागली, ते डाग अजून टेलपीसच्या (बॉडीच्या टोकाला तारा अडकवतात तो भाग) कडेने डोकावतात.

तर योग्य पद्धत ही. दोन शिवणाचे दोरे घ्या, किंवा दोन्ही टोकाच्या ई तारा खरोखरच्या लावा. नटच्या दोन टोकाच्या खाचांपासून ब्रिजवरून थेट टेलपीसपर्यंत ताणा. टेलपीस नुसता मास्किंग टेपने चिकटवलेला असू द्या. आता वरून बघत टेलपीस केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे सरकवा, दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आले की पेन्सिलने खूण करा. पाणी पिऊन या. परत बघा. मग ड्रिल. आणि ड्रिलच्या बिटला खोलीची खूण म्हणून टेपचा तुकडा गुंडाळा, नाहीतर पलीकडे निघेल.

लेस पॉल प्रकारची गिटार असेल आणि भोक पाडायला जीव होत नसेल तर व्हायब्रमेट नावाची पट्टी मिळते, ती मूळ टेलपीसच्या स्क्रूंच्या जागी बसते आणि तिच्यावर बिग्सबी लागते. नवीन लाकूड फोडावं लागत नाही. महाग वाटते, पण उद्या गिटार विकायची झाली तर ती काढून मूळचा टेलपीस परत लावता येतो. मला तेव्हा हे माहीत असतं तर.

पायरी तिसरी: तार कुठे अडते ते शोधा

हा या सगळ्यातला मुख्य भाग, बाकी विसरलात तरी चालेल.

दांडी दाबता तेव्हा तार थोडी सरकते, नटच्या खाचेतून, ब्रिजच्या सॅडलवरून. दांडी सोडली की तिने तेवढंच परत सरकायला हवं. वाटेत कुठे चिकटली की झाली बेसूर. चिकटायच्या जागा मोजून तीन आहेत, नट, ब्रिज, आणि पेगवरचे (तार पिळून सुरात लावायच्या खुंट्यांवरचे) वेढे. नट सगळ्यात मोठा गुन्हेगार.

ओळखायचं कसं? तार ट्यून करताना हेडस्टॉकच्या, म्हणजे पेग असलेल्या डोक्याच्या, बाजूने टिक असा बारीक आवाज येतो आणि ट्यूनरची सुई हलत नाही, हलत नाही, मग एकदम उडी मारते, येतो ना हा अनुभव? तोच नट. तार खाचेत रुतली होती, ताण वाढल्यावर सुटली. दुसरी खूण अशी की दांडी खाली दाबून सोडल्यावर तार चढलेली राहिली तर ती परतीच्या वाटेवर नटमध्ये अडकलीय, आणि बोटाने बेंड मारून, म्हणजे तार ओढून, सोडल्यावर उतरलेली राहिली तर तेच, फक्त उलट दिशेने. हे कळलं की एक मस्त युक्ती हातात येते. बेंडनंतर तार उतरली असं वाटलं तर दांडीला एक हलका ठोसा द्यायचा, तार टुणकन जागेवर येते. स्टेजवर मी हे गाण्याच्या मधेच करतो, लोकांना वाटतं स्टाइल आहे.

कायमचा उपाय मात्र वेगळा. तारा एकेक सैल करा, खाचेतून बाजूला घ्या, आणि खाचेत पेन्सिल फिरवा. साधी नटराज चालते, पण ड्रॉइंगची ६बी मिळाली तर उत्तम, ती मऊ असते आणि शिसं भरपूर सोडतं. पेन्सिलचं टोक ब्लेडने चपटं करा म्हणजे खाचेच्या तळापर्यंत पोचेल. ज्यांना अजून घसरण हवी ते ते शिसं खरवडून चिमूटभर व्हॅसलीनमध्ये कालवतात आणि टाचणीने लावतात, हात काळे होतात पण काम होतं. हे दर वेळी तारा बदलताना करायचं.

पेन्सिलने फरक पडला नाही तर खाच अरुंद आहे. गिटार दुकानातून ९ च्या सेटवर आली आणि तुम्ही १० किंवा ११ घातल्या, जाड तार बारीक खाचेत कशी सरकणार, चिमटणारच. लेस पॉल प्रकारात जी आणि डी तारा नटच्या पुढे तिरक्या वळून पेगकडे जातात, तिथे त्रास जास्त. खाच मोठी करायचं काम खास फायलींचं आहे, घरच्या कानसने करू नका, एकदा जास्त खोल गेलं की मोकळी तार फ्रेटवर वाजायला लागते आणि मग नटच नवीन. हे जाणकाराकडे द्या, पण आता तुम्हाला माहितीये की त्याला काय सांगायचं. नुसतं "गिटार बेसूर होते" असं नाही सांगायचं, "जीची खाच तारेला पकडतेय" असं सांगायचं. दुकानदाराचा सूरच बदलतो.

ब्रिजचं बघा. बिग्सबीसोबत रोलर ब्रिज चांगला, सॅडलच्या जागी बारीक चाकं असतात, तार त्यांच्यावरून फिरते. घेताना खांबांची जाडी आणि दोन खांबांमधलं अंतर मोजून घ्या, मिलिमीटरचा फरक असला तरी बसत नाही, आणि ही चूक ऑनलाइन मागवणारे सगळे एकदा तरी करतात. रोलर नको असेल तर आहे त्याच सॅडलच्या खाचा गुळगुळीत आहेत का ते नखाने बघा. नख अडलं तर तारही अडेल.

वेढे. पेगवर तारेचे पाच-सहा वेढे घालायची सवय असते काहींना, जास्त घट्ट बसेल म्हणून. उलटं होतं, दांडी दाबली की तेच वेढे सैल होतात आणि परत येताना भलतीकडे बसतात. दोन-तीन वेढे पुष्कळ, एकावर एक न चढता खाली उतरत गेलेले. लॉकिंग पेग लावले तर वेढ्यांची भानगडच राहत नाही, पैसे असतील तर लावा. पण नट तसाच ठेवून फक्त लॉकिंग पेग लावणं म्हणजे घराला कुलूप आणि खिडकी उघडी.

आणि नवीन तारा ओढून घ्या हो. लावल्यावर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी बोटांनी उचलून हळू ओढायची, परत सुरात आणायची, असं चार वेळा, उतरायची थांबेपर्यंत. यासाठी दहा मिनिटं लागतात आणि नव्वद टक्के लोक ती देत नाहीत.

स्ट्रॅटवाल्यांसाठी: स्प्रिंगा आणि तारांची रस्सीखेच

स्ट्रॅटचा ब्रिज हा तराजू आहे. पुढून तारा ओढतात, १० च्या सेटची सगळी मिळून ओढ साधारण ४५ किलोच्या आसपास जाते, आणि मागून, बॉडीच्या पोटातल्या स्प्रिंगा तेवढंच ओढतात. दोन्ही समसमान झाले की ब्रिज जागेवर तरंगतो. म्हणून ९ च्या जागी १० घातल्या की ब्रिजची शेपटी वर उठते, तारा उंच होतात, आणि माणूस घाबरून दुकानात पळतो. काही बिघडलेलं नसतं.

मागचं प्लास्टिकचं झाकण काढा. तीन (कधी पाच) स्प्रिंगा एका पंजासारख्या पट्टीला अडकवलेल्या दिसतील, ती पट्टी दोन लांब स्क्रूंनी लाकडात. आधी गिटार सुरात लावा. ब्रिजच्या मागच्या कडेखालचं अंतर बघा, फेंडर स्वतः सांगतं १/८ इंच, म्हणजे साधारण ३.२ मिमी. जास्त असेल तर दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा घट्ट करा. आता सगळ्या तारा चढल्या असतील, परत सुरात लावा. परत अंतर बघा. परत अर्धा फेरा. हे पाच-सहा वेळा करावं लागतं, एकदम दोन फेरे मारून वेळ वाचत नाही, उलट जातो. चहा घेऊन बसा.

तरंगता ब्रिज घ्यायचा की टेकवलेला? सूर वरही न्यायचा असेल तरच तरंगता. त्याची किंमत अशी की कार्यक्रमात एक तार तुटली तर उरलेल्या पाच एकदम चढतात, दोन तारांचा बेंड मारला तर न ओढलेली तार उतरते, आणि पंजाने तारा दाबून वाजवायची जड हाताची सवय असेल तर नुसत्या हाताच्या वजनाने सूर हलतो. टेकवलेल्यात हे काही नाही, फक्त खाली जाता येतं. नवीन माणसाने पहिलं वर्ष टेकवून वाजवावं असं माझं मत, कोणी भांडलं तर भांडू दे. बिग्सबीत तारेखालचा ब्रिज वेगळा आणि टेलपीस वेगळा, त्यामुळे हाताच्या वजनाचा प्रश्न येत नाही, हा तिचा एक मोठा फायदा.

दांडी भोकात सैल होऊन डगडगते ही स्ट्रॅटवाल्यांची कायमची तक्रार. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, हार्डवेअरच्या दुकानात कुठेही मिळते, दांडीच्या आट्यांवर दोन वेढे द्या, हवी तिथे थांबते. दांडी हरवली आणि नवी घेताना मात्र आटे जुळवा, अमेरिकन गिटारला १०-३२ चे आटे, आशियात बनलेल्यांना बहुतेक ५ किंवा ६ मिमी. चुकीची दांडी जोर लावून पिळली की भोकाचे आटे जातात.

बिग्सबीवर तार बदलणं, सुरुवातीला वैताग

पहिल्यांदा करताना मी सगळ्या सहा तारा एकदम काढल्या. हे करू नका. ताण गेला की दांडीखालची स्प्रिंग मोकळी होते, माझी उडून टणटण करत कपाटाखाली गेली, तिथून जुन्या चपला, एक कॅरमची सोंगटी आणि शेवटी ती असं सगळं काढलं. तेवढ्यात ब्रिजही खांबांवरून निसटून बॉडीवर पडला, एक खळगा कायमचा. पोकळ गिटारीचा ब्रिज तर नुसता तारांच्या दाबावर उभा असतो, तो हलला की सगळं इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) गेलं, म्हणून आधी त्याच्या पायाभोवती मास्किंग टेप लावून जागा धरून ठेवा. एक तार काढा, तिची नवी लावा, मग पुढची.

नवीन तार बिग्सबीला लावताना तीन हात लागतील असं वाटतं. गोळा पिनवर अडकवला, तार पेगकडे नेली, इकडे गोळा निसटला. परत. यावर उपाय असा, तारेच्या गोळ्याकडचं टोक आधीच एका जाड पेनभोवती किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीभोवती दाबून अर्धगोल वळवून घ्यायचं. मग गोळा पिनवर, तार दांड्याच्या मागून वळून वरून पुढे, पुढची नळी असेल तर तिच्याखालून, ब्रिजवर. आता पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तार थोडी ताणून तिथेच धरून ठेवायची. गोळा हलत नाही, आणि दोन्ही हात पेगसाठी मोकळे. कॅपो नसेल तर दांड्याखाली स्पंजचा तुकडा कोंबा, तोही गोळ्याला पिनवर दाबून धरतो.

सुरात लावायची पद्धतही बदला. दांडीला एकदा झोका, मग ट्यूनर बघा, मग पेग फिरवा. परत झोका, परत बघा. तार नेहमी खालून वर चढवत सुरावर आणा, जास्त चढली तर पुरती उतरवून परत वर या. झोका न देता लावलेला सूर खोटा असतो, पहिल्या कॉर्डनंतर उघडा पडतो.

वाजवताना

दांडी धरून पिळायची नाही. कॉर्ड वाजवली, हात तसाच पुढे गेला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दांडीवर टेकलं, आणि सूर विरत असताना दोन-तीन हलके दाब. बस. ट्यूनर लावून एका तारेवर सराव करा, अर्धा सूर खाली, परत वर, घाई नाही. मग कॉर्डवर. गंमत म्हणजे कॉर्डमधली प्रत्येक तार सारखी उतरत नाही, म्हणून जास्त दाबलं की कॉर्ड आंबते, थोडं दाबलं की मात्र तीच गोष्ट गोड लागते. सुराच्या आधी दांडी किंचित दाबून ठेवा, तार छेडा आणि मग सोडा, सूर खालून उगवल्यासारखा येतो. हे एकदा जमलं की आठवडाभर दुसरं काही वाजवणार नाही, घरच्यांची आधीच माफी मागा.

पावसाळा

मुंबई-कोकणातल्यांना वेगळं सांगायला नको, जुलैमध्ये चपलेवर बुरशी येते तिथे गिटारची काय कथा. तारा गंजतात, खडबडीत होतात, खडबडीत तार नटमध्ये जास्त अडते, आणि दोष परत दांडीला. वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसा. रोलर ब्रिजची चाकं गंजून बसतात, महिन्यातून एकदा बोटाने फिरवून बघा. बिग्सबीचा दांडा जिथे फिरतो त्या दोन टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही काडीच्या टोकावर घेऊन. बाटलीतून ओतू नका, आणि फवाऱ्याचं तेल गिटारवर मुळीच मारू नका, ते लाकडात आणि पिकअपमध्ये जातं. स्ट्रॅटच्या पोटातल्या स्प्रिंगा वाजताना घुमत असतील तर त्यांच्याखाली फोमची पातळ पट्टी सरकवा. दमट हवेत मानही थोडी हलते, तारांची उंची बदलते, तेव्हा पावसाच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर असं दोनदा सेटअप तपासून घ्या.

बाहेर नेताना

स्ट्रॅटची दांडी बॅगेत घालण्याआधी काढायचीच. लोकलच्या गर्दीत कोणीतरी टेकलं की ती बॅगेचं कापड फाडून बाहेर येते नाहीतर आटे वाकतात. बिग्सबीची दांडी मागे फिरवून कडेला घेता येते, पण तिच्यावर दाब येणार नाही अशी बॅग घ्या, आणि चेन लावण्याआधी एकदा हाताने चाचपा. काढलेली दांडी बॅगेच्या खिशात सुटी टाकली की पिक, बॅटरी, रिक्षाचे सुटे पैसे यांत बुडी मारते. मी दोनदा दांडी घरी विसरून कार्यक्रमाला गेलोय, आता ती ट्यूनरच्याच पाकिटात रबर लावून ठेवतो, कारण ट्यूनर विसरून मी घराबाहेर पडूच शकत नाही.